हातरंगी लोकरीची लडी: खरेदीपासून कपाटात ठेवण्यापर्यंत

गिरणीत रंगवलेल्या लोकरीच्या गुंड्यावरील कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉटचा क्रमांक छापलेला असतो. एकाच लॉटचे आठ गुंडे घेतले, तर स्वेटरची पाठ आणि बाही यांच्या रंगात फरक पडणार नाही, याची ती हमी असते. हाताने रंगवलेल्या लोकरीत ही हमी नसते. रंगवणारी व्यक्ती एका पातेल्यात एका वेळी चार-पाच लड्या बुडवते, त्यांवर हाताने रंग ओतते, आणि त्याच पातेल्यातून निघालेल्या दोन लड्याही सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, जुळ्यांसारख्या नव्हे. या वेगळेपणासाठीच आपण शंभर ग्रॅमच्या एका लडीला हजार-दोन हजार रुपये मोजतो, आणि याच वेगळेपणामुळे निम्मी शाल विणून झाल्यावर ती उसवण्याची वेळही येते. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झालेल्या आपल्या नागपूरला सुताचा एकसारखेपणा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यामुळे हातरंगी लडीही आपण सवयीने तशीच वापरायला जातो आणि फसतो. या लोकरीचे निम्म्याहून अधिक काम पहिला टाका घालण्यापूर्वीच करायचे असते. पुढील विवेचनात त्या कामांनाच जास्त जागा दिलेली आहे.

नागपूरच्या हवेला कोणता धागा मानवतो

आपल्याकडे खरी थंडी हिवाळी अधिवेशनाच्या आगेमागे सुरू होते आणि जानेवारी सरता सरता ओसरू लागते. एवढ्या थोड्या दिवसांसाठी जाड लोकरीचा स्वेटर विणायला हरकत नाही, पण महागडी हातरंगी लडी त्यासाठी खर्च करणे मला पटत नाही. फिंगरिंग जाडीचा, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये सुमारे ४०० मीटर भरणारा धागा शाल, स्टोल, मोजे आणि हलक्या जाकिटासाठी पुरेसा होतो. डीके जाडीचा धागा शंभर ग्रॅममध्ये २२५ मीटरच्या आसपास भरतो आणि तो टोप्या व मफलर यांसाठी बरा. लेस जाडीच्या धाग्यात शंभर ग्रॅमला ८०० मीटरपर्यंत लांबी मिळते, पण तो पहिल्या प्रयत्नासाठी घेऊ नये.

हातरंगी लोकरीत मेरिनो सर्वाधिक आढळते, आणि तीही बहुतेक वेळा सुपरवॉश असते. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घासणे एकत्र आले की हे खवले एकमेकांत अडकतात आणि विणलेले कापड आटून नमद्यासारखे घट्ट होते. सुपरवॉश प्रक्रियेत हे खवले रसायनाने झिजवून तंतूवर रेझिनचा पातळ थर दिला जातो, त्यामुळे कापड आटत नाही. असा तंतू रंगही झपाट्याने आणि गडद पितो, म्हणूनच रंगवणाऱ्यांचा ओढा त्याकडे असतो. याची दुसरी बाजू अशी, की ओले झाल्यावर सुपरवॉशचे कापड लांबते, आणि ही गोष्ट नमुना, म्हणजे मापासाठी आधी विणून पाहायचा छोटा तुकडा, विणताना ध्यानात ठेवावी लागते. मोज्यांसाठी ७५ टक्के मेरिनो आणि २५ टक्के नायलॉन हे मिश्रण घ्यावे, कारण निव्वळ मेरिनोची टाच लवकर विरते.

वर्षातील उरलेल्या महिन्यांसाठी रेशीम, सूत किंवा त्यांची मिश्रणे पाहावीत. पूर्व विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या भागांत ऐन व अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या किड्यांपासून मिळणारे टसर, ज्याला आपण कोसा म्हणतो, ते याबाबतीत वेगळा विचार करायला लावते. कोशाचा मूळ रंगच मधासारखा असल्यामुळे त्यावर दिलेला प्रत्येक रंग थोडा मातकट, थोडा जुन्या पैठणीसारखा उतरतो. निळा हिरवटपणाकडे झुकतो आणि गुलाबी विटकरीकडे. झगझगीत रंगाची अपेक्षा ठेवून कोसा घेतला तर निराशा होते. दबलेल्या रंगांची आवड असेल तर त्याला तोड नाही.

लडी निवडताना

पट्टीवरील वजनापेक्षा मीटर पाहावेत. लोकर हवेतील ओलावा शोषते, इतका की व्यापारात लोकरीचे वजन ठरवताना कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा गृहीत धरला जातो. सुतासाठी हाच आकडा साडेआठ टक्के आहे. मे महिन्यातील कोरड्या नागपुरात आणि ऑगस्टमधल्या झडीत तीच लडी तराजूवर वेगळी भरते, लांबी मात्र तेवढीच राहते.

लडी पिळून गाठोड्यासारखी ठेवलेली असते, आणि त्या पिळ्यात वर दिसणारा रंग हा धाग्यातील रंगांपैकी एक असतो, सगळे नव्हेत. शक्य असेल तर पिळा उलगडून, लडी दोन्ही हातांत ताणून, खिडकीजवळच्या उजेडात पाहावी. ट्यूबलाइटखाली जांभळा निळसर वाटतो. मोबाइलच्या पडद्यावरून खरेदी करत असाल, तर विक्रेत्याकडे लडी उलगडलेल्या अवस्थेतील आणि शक्य झाल्यास तिच्यातून विणलेल्या तुकड्याचे छायाचित्र अवश्य मागावे.

रंगाची मांडणी कोणती आहे, यावर पुढचे सर्व अवलंबून असते. एकाच रंगाच्या उजळ-गडद छटा असलेली टोनल लडी जाळीच्या आणि वेणीच्या विणीला शोभते, कारण रंग नक्षीच्या आड येत नाही. पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीवर रंगांचे शिंतोडे असलेली स्पेकल्ड लडी साध्या विणीत खुलते. तीन-चार वेगवेगळ्या रंगांचे लांब पट्टे असलेली व्हेरिएगेटेड लडी दुकानात सर्वांत मोहक दिसते आणि विणताना सर्वांत जास्त त्रास देते. नवख्यांनी हीच उचललेली मी वारंवार पाहिली आहे, आणि मीही तेच केले होते. नाजूक नक्षी विणायची असेल, तर ती लडी परत ठेवावी.

दोन किंवा अधिक लड्या लागणार असतील तर त्या एकाच वेळी, एकाच घाण्यातल्या घ्याव्यात आणि वाटते त्यापेक्षा एक जास्त घ्यावी. नंतर मागवलेली लडी त्याच नावाची असली तरी तीच असत नाही.

रंग सुटतो का, ते आधीच पाहणे

हा टप्पा टाळण्याकडे सर्वांचा कल असतो. गडद लाल, गडद निळा, मोरपंखी आणि काळा हे रंग विशेष संशयास्पद मानावेत. लडीच्या गाठींपासचा हातभर धागा कापून घ्यावा, तो पांढऱ्या सुती कापडाच्या तुकड्यात गुंडाळावा आणि कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून अर्धा तास ठेवावा. नंतर तो कापडासकट पिळून वाळवावा. पाणी किंचित रंगले आणि कापड स्वच्छ राहिले तर काळजीचे कारण नाही; तो नुसता वर राहिलेला रंग आहे. कापडावर डाग उमटला, तर ती लडी फिक्या रंगासोबत विणण्यापूर्वी तिचा बंदोबस्त करावा लागेल.

घरोघरी यावर एकच उपाय सांगितला जातो: मीठ किंवा व्हिनेगर घातलेल्या थंड पाण्यात रात्रभर भिजवा. तो काम देत नाही, आणि का देत नाही हे समजून घेण्यासारखे आहे. लोकर, रेशीम आणि नायलॉन ज्या आम्लधर्मी रंगांनी रंगवतात, ते रंग तंतूशी पक्के बांधले जाण्यासाठी आम्ल आणि उष्णता दोन्ही एकाच वेळी लागतात. रंगवताना पाणी पुरेसे तापले नाही किंवा रंग जास्त पडला, तर काही रंग तंतूत न शिरता वर नुसता बसून राहतो. थंड व्हिनेगरमध्ये आम्ल आहे, उष्णता नाही. तेव्हा अर्धवट राहिलेले कामच पुरे करावे लागते.

त्यासाठी स्टीलचे एक मोठे पातेले घ्यावे, ज्यात पुन्हा स्वयंपाक करायचा नाही. ॲल्युमिनियमचे चालत नाही, कारण आम्लाची त्याच्यावर क्रिया होते. शंभर ग्रॅमच्या लडीला चार ठिकाणी सुती धाग्याने सैलसर, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे बांध घालावेत, म्हणजे ती गुंतणार नाही. चार लिटर साध्या पाण्यात एक चहाचा चमचा लिंबूफूल, अर्थात सायट्रिक ॲसिड, विरघळवावे, त्यात आधीच भिजवलेली लडी सोडावी आणि गॅस मंद ठेवून अर्ध्या तासात पाणी वाफाळण्याइतके, साधारण ८५ अंशांपर्यंत तापू द्यावे. रेशमाचे मिश्रण असेल तर ८० अंशांवर थांबावे, नाहीतर त्याची चकाकी जाते. उकळी फुटू द्यायची नाही. त्या तापमानावर आणखी अर्धा तास ठेवून गॅस बंद करावा आणि लडी त्याच पाण्यात पूर्ण थंड होऊ द्यावी. सुपरवॉश नसलेली लोकर असेल तर या काळात ती ढवळू नये, आणि गरम लडी थंड पाण्यात तर मुळीच बुडवू नये. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यातून काढावी. पातेल्यातले पाणी जवळजवळ नितळ झालेले दिसले, म्हणजे रंग धाग्यात गेला.

सुती धाग्याला ही कृती लागू नाही. सूत ज्या रिॲक्टिव्ह रंगांनी रंगवतात, ते धुण्याच्या सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात बांधले जातात, आणि जो रंग बांधला गेला नाही तो नंतर कशानेही बांधला जात नाही. तो धुऊन काढणे एवढाच मार्ग उरतो: हाताला सोसवेल त्याहून थोड्या जास्त गरम पाण्यात अर्धा तास भिजवणे, पाणी फेकणे, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करणे. पाच-सहा पाणी सहज लागतात. नैसर्गिक निळीचा प्रकार आणखी निराळा आहे. नीळ तंतूवर थरासारखी बसते, त्यामुळे विणताना बोटे निळी होणे स्वाभाविक आहे. तो रंगवणाऱ्याचा दोष समजू नये.

नैसर्गिक रंगांच्या लड्या घेताना एवढे मात्र विचारावे, की रंग कशाचा आहे. फाल्गुनात आपल्याकडे रस्त्याकडेला पेटलेल्या पळसाच्या फुलांचा केशरी-पिवळा रंग तुरटी लावलेल्या लोकरीवर सुंदर चढतो, परंतु उन्हात तो फिका होत जातो. हळदीचे तर विचारायलाच नको. मंजिष्ठेचा लाल मात्र चांगला टिकतो. पळसाच्या रंगातली शाल अवश्य विणावी, फक्त ती दुपारच्या उन्हात वापरायची शाल नव्हे हे जाणून विणावी.

लडी उलगडणे

लडीतून थेट विणता येत नाही; तसा प्रयत्न केल्यास संध्याकाळ गुंता सोडवण्यात जाते. लडी छत्रीसारख्या उघडणाऱ्या फिरकीवर चढवून बॉल वाइंडरने गुंडा करता येतो. ही साधने नसतील तर पाठीला पाठ लावून ठेवलेल्या दोन खुर्च्या पुरतात, किंवा घरातल्या कोणाला तरी समोर बसवून त्यांच्या दोन्ही हातांवर लडी अडकवावी. माझ्या आजीने तर गुडघ्यांवर लडी चढवून एकटीने गुंडे केले. बांध कापण्यापूर्वी लडी दोन-तीनदा झटकावी आणि सर्व धागे एका दिशेने समांतर आले आहेत ना, ते पाहावे. पहिल्या काही मीटरांत धागा कुठे अडला तर ओढू नये, लडीची बाजू उलटावी.

गुंडा सैल गुंडाळावा. ताणून गुंडाळलेली लोकर महिनोन्‌महिने तशीच राहिली, तर विणताना लांब भासते आणि धुतल्यावर कापड आखडते. म्हणून लडी वापरायच्या आठवड्यातच उलगडावी, एरवी पिळ्यातच राहू द्यावी. गुंडाळताना गाठी, बारीक झालेला धागा आणि न रंगलेल्या पांढऱ्या जागाही हाताखालून जातात. त्या तेव्हाच कळलेल्या बऱ्या.

नमुना आणि हिशेब

नमुना किमान १५ सेंटिमीटर लांब-रुंद विणावा, मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजावेत, मग तो खऱ्या वस्तूसारखा धुऊन, सपाट वाळवून पुन्हा मोजावेत. खरा आकडा दुसरा. सुपरवॉशमध्ये या दोन आकड्यांत इतके अंतर पडते, की धुण्यापूर्वीच्या मोजमापावर विणलेले जाकीट मांडीपर्यंत उतरते.

हाच नमुना लोकर किती लागेल तेही सांगतो. समजा, १५ बाय १५ सेंटिमीटरचा, म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटरचा सुयांवर विणलेला तुकडा ५ ग्रॅम भरला. १८० बाय ४५ सेंटिमीटरच्या स्टोलचे क्षेत्रफळ ८१०० चौरस सेंटिमीटर होते, ते नमुन्याच्या ३६ पट आहे. म्हणजे १८० ग्रॅम लोकर लागेल आणि दोन लड्यांत काम भागेल, गोंडे लावायचे नसतील तर. त्याच आकाराचा क्रोशाचा तुकडा साडेसहा ग्रॅम भरला, तर हिशेब २३४ ग्रॅमवर जातो आणि तिसरी लडी लागते. क्रोशाला सुयांपेक्षा पाव ते तिसरा हिस्सा लोकर जास्त लागते, असाच साधारण अनुभव आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा एका ग्रॅमची चूक करतो, आणि ती चूक इथे ३६ पट होते. म्हणून ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा हवा. इतवारीच्या सराफ्यातले एखादे ओळखीचे काका हसत हसत तुकडा तोलून देतात.

रंगांचे चट्टे आणि त्यांवरचा उपाय

व्हेरिएगेटेड लडीत रंग ठरावीक अंतराने परत येतात. लडीचा घेर बहुधा दीड मीटरच्या आसपास असतो, आणि तिचा अर्धा भाग लाल व अर्धा निळा रंगवला असेल, तर धाग्यात दर दीड मीटरने तोच फेरा पुन्हा सुरू होतो. आता धाग्यावर एक मीटर अंतरावर दोन खुणा बांधाव्यात आणि त्या दरम्यान किती टाके विणले जातात ते मोजावे. ते ८० भरले, तर दीड मीटरमध्ये १२० टाके बसतात. अशा वेळी मुलाची टोपी १२० टाक्यांवर गोल विणली, तर प्रत्येक फेरीत लालावर लाल आणि निळ्यावर निळा येऊन टोपीच्या एका बाजूला लाल चट्टा आणि दुसऱ्या बाजूला निळा चट्टा तयार होतो. टाके ११२ किंवा १२८ केले, की हेच रंग तिरके सरकत जातात. सपाट विणकामात जाणारी आणि येणारी सुई, म्हणजे टाक्यांच्या दोन ओळी, मिळून रंगाचा फेरा पूर्ण होत असेल, तेव्हा असे चट्टे पडतात.

टाके बदलणे शक्य नसेल तर दोन गुंड्यांतून आळीपाळीने विणावे: दोन सुया पहिल्या गुंड्यातून, दोन दुसऱ्यातून, आणि न वापरलेला धागा कडेने वर नेत जावा. तो ओढून धरू नये, नाहीतर कड आखडते. दोन लड्यांतला फरकही याच युक्तीने झाकला जातो, त्यामुळे एकापेक्षा जास्त लड्या लागणाऱ्या कोणत्याही कामात, लड्या कितीही सारख्या दिसत असल्या तरी, मी हे करतेच. आळस वाटत असेल तर निदान पहिली लडी संपण्यापूर्वीच्या आणि दुसरी सुरू झाल्यानंतरच्या दहा-बारा सुयांत तरी करावे. याशिवाय मधूनच एखादा टाका न विणता नुसता उचलून घेतल्यानेही रंगांची रांग मोडते.

क्रोशात उंच खांबांची वीण रंगाचे मोठे तुकडे दाखवते. त्याऐवजी एक मुका खांब (आखूड टाका), एक साखळी, आणि पुढच्या ओळीत साखळीच्या जागी मुका खांब, अशी वीण घेतल्यास शिंतोडे रांगोळीच्या ठिपक्यांसारखे विखुरतात. उजव्या हाताने क्रोशे विणताना बहुतेक धाग्यांचा पीळ किंचित सैल होत जातो आणि सुईचे टोक तारांच्या मध्ये शिरते; म्हणून क्रोशासाठी घट्ट पिळाचा तीन-चार तारांचा धागा निवडावा, एकतारी नको.

धुणे आणि ठेवणे

नागपुरात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळातूनच चटके बसण्याइतके गरम येते. सुपरवॉश नसलेल्या लोकरीची एक टोपी मी अशाच एका मे महिन्यात नळाखाली धरून चोळली आणि ती बाहुलीच्या मापाची झाली. त्या दिवसांत पाणी आदल्या रात्री बादलीत भरून ठेवावे आणि पहाटे धुवावे. बोअरवेलच्या जड पाण्यात साध्या साबणाचा चिकट थर लोकरीवर बसतो, तेव्हा लोकरीसाठीचे सौम्य द्रावण किंवा रिठ्याचे गाळलेले पाणी वापरावे. अगदी फिक्या रंगांवर मात्र रिठा हलकी पिवळसर झाक सोडू शकतो. पंधरा मिनिटे नुसते भिजवावे, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि सावलीत सपाट पसरावे. तारेवर टांगलेली ओली शाल स्वतःच्या वजनाने लांबते.

कसर लागते ती लोकरीला आणि रेशमाला, सुताला नाही, आणि तिला घामाचे व अन्नाचे डाग विशेष आवडतात. म्हणून फेब्रुवारीत गरम कपडे आवरताना न धुतलेली वस्तू कपाटात जाऊ नये. कडुनिंबाच्या पाल्यावर विसंबून राहू नये. झाकण घट्ट बसणारा डबा किंवा बंद पिशवी अधिक खात्रीची, आणि त्यात ठेवण्यापूर्वी वस्तू पूर्ण कोरडी असावी. कसरीचा संशय आलाच, तर ती वस्तू हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. पिशवीत लडीची कागदी पट्टी आणि उरलेला तीन-चार मीटर धागाही टाकावा. तीन वर्षांनी कोपर विरले की त्या रंगाची लडी पुन्हा मिळणार नाही, आणि रफू याच धाग्याने करावे लागेल.